निशाणाखालचा ट्रॅक्टर

"…मंग अजून कमी काय राह्यलं, माय?"

सुंदरमाय लसूण सोलत होती. तिने सोललेली पाकळी ताटलीत टाकली आणि दुसरी घेतली.

जगदेवला वाटलं, म्हातारीला ऐकू गेलं नसेल. त्याने आवाज चढवला.

"सकाळ-संध्याकाळ आरती मी करतो. आंघोळीबिगर कोनाले हात लावू देत नाई. शेड म्या बांधलं. कठडा म्या लावला. निशान म्या चढवलं. कोठून कोठून लोक येतात आता दर्शनाले. मले अनुग्रह कवा देनार?"

हे सगळं एका ट्रॅक्टरबद्दल चाललं होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर एखाद्या देवळाची गोष्ट आहे असं वाटायचं. जगदेवला तर तसंच वाटत होतं.

बोरटेकच्या मठातले दौलतबावा प्रवचन देत नसत. त्यांचा एक जुना डिझेल ट्रॅक्टर होता. ज्याच्याकडे बैलजोडी नाही, ज्या घरात कर्ता माणूस नाही, त्याच्या शेतात ते बिनबोलावता जायचे, नांगरून द्यायचे आणि चहालाही न थांबता परत यायचे. लोक पाया पडायला वाकले की म्हणायचे, "बाजूले सर, चाकाखाली येशीन."

बावा गेले. ट्रॅक्टर मठाच्या अंगणात लिंबाखाली उभा होता तसाच राहिला.

बावांच्या मागे मठाचं सारं सुंदरमायकडे आलं. ती बावांची सर्वांत जुनी शिष्या. मठाचा स्वयंपाकही तीच करायची.

जगदेव मात्र नंतर आलेला. तालुक्याच्या गावी त्याचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान होतं. बावांनी त्याला एकदा ट्रॅक्टर दाखवायला बोलावलं, आणि तो परत गेलाच नाही. दुकान भावाच्या गळ्यात घातलं आणि मठात राहिला. इंजिनातला प्रत्येक नट त्याच्या ओळखीचा. पण बावा गेल्यावर त्याने त्या इंजिनाला पुन्हा पाना लावला नाही. हळदकुंकू लावलं.

आता एकच गोष्ट मिळायची राहिली होती. त्या मठात अनुग्रह म्हणजे गुरूने शिष्याच्या उजव्या कानात मंत्र सांगायचा. ना होम, ना हार. कानात चार अक्षरं, आणि माणूस मठाचा झाला.

त्या चार अक्षरांसाठी जगदेवचा जीव तुटत होता.

"माय… काहीतरी बोला ना."

सुंदरमायने ताटली बाजूला ठेवली.

"चालू कर."

"काय?"

"टॅक्टर. तो ज्या दिवशी चालू होईन, त्या दिवशी मंत्र भेटंन."

जगदेवचा चेहरा उतरला.

"माय, त्याची पूजा होते."

"मले माहीत हाय. त्याच्यापुढं फुटलेल्या नारळाच्या खोबऱ्याची चटनी रोज कोन वाटते?"

"…अन् नाई झाला चालू त?"

"त आपल्या घरी जाय. दुकान हाय तुहं."

एवढं बोलून ती चुलीकडे गेली.

जगदेव दोन दिवस घुश्शात होता. म्हातारीचं डोकं फिरलं, असं त्याने दोघा-तिघांना सांगूनही पाहिलं. पण ते दोघे-तिघे शेतकरी होते. "बरं होईन गड्या, चालला त," असंच ते म्हणाले. मठामागचं रान बावांच्या माघारी काटेरी झुडपांनी भरून गेलं होतं, हे त्यांना रोज दिसत होतं.

मग जगदेवचा जुना ताठा जागा झाला. इंजिन म्हणजे त्याच्या हातचा मळ.

"आठ दिवसांत धूर काढतो," तो म्हणाला.

सुंदरमायने ऐकलं. भाकरी थापत राहिली.

त्याने पहिल्यांदा बॉनेटवरचा शेंदरासारखा घट्ट झालेला कुंकवाचा थर खरवडला. खाली पत्रा गंजून गेला होता. इतकी वर्षं लोकांनी पुढच्या पट्टीवर नारळ फोडले होते, आणि नारळाचं पाणी जिथं जायचं तिथं गेलं होतं.

हवेच्या फिल्टरमध्ये उंदराने घर केलं होतं. झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्यांचं, जरीच्या तुकड्यांचं. जगदेवच्या हातचे हार होते ते.

मग त्याने डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं. वास घेतला. पुन्हा घेतला.

"हे… हे काय हाय?"

शेजारच्या शेतातला शाळिग्राम रोज दर्शनाला यायचा. तो आत डोकावला.

"गोडं तेल."

"टाकीत? कोन वतलं?"

"सारेच वततात. शनवारी."

"अबे, टाकीत कोनी तेल वाहाते काय!"

शाळिग्राम खरंच बुचकळ्यात पडला.

"तूच त म्हने, बावाले तेल वाहा. आमी म्हटलं, दगडाच्या देवाले डोक्यावर वाहातेत, याले तोंडात वाहाव. त्याचं तोंड त हेच हाय."

जगदेवने टाकी उतरवली आणि बाजूला बसून राखेने घासायला घेतली. घट्ट झालेलं काळं तेल त्याच्या कोपरापर्यंत आलं. कठड्याबाहेर दर्शनाला आलेल्या बाया थबकल्या. पुजारी असा राखेत आणि तेलात बसलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. एकीने विचारलं, "आज आरती नाई का?"

"नाई," जगदेव खेकसला.

इंजिन जाम होतं. पंख्याचा पट्टा धरून शाळिग्रामसकट चौघे लटकले, तरी ते केसभर हललं नाही. जगदेवने नोझल काढून त्या भोकांतून आत पातळ तेल सोडलं आणि वाट पाहिली. ही कामं तो जाणून होता. रोज थोडं तेल सोडायचं, गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टर मागेपुढे रेटायचा, आणि झोपायला जायचं. आठ दिवस कधीच उलटून गेले होते. गावात लोक त्याला वाटेत अडवून विचारू लागले, "काय महाराज, निंघाला का धूर?" महाराज या शब्दावर ते जरा जास्तच जोर द्यायचे.

एका सकाळी रेटताना आतून खट्ट आवाज आला आणि पंख्याचं पातं वीतभर फिरलं.

शाळिग्रामने अशी आरोळी ठोकली की लिंबावरचे कावळे उडाले. जगदेवने चाकाला मिठी मारली. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

तो धावत स्वयंपाकघरात गेला.

"माय, फिरलं!"

"चालू झालं?"

"नाई… पन फिरलं!"

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर गरम भाकरी ठेवली. त्याने ती उभ्या उभ्या खाल्ली.

त्यानंतर काम भराभर झालं. टायरच्या ट्यूबा बदलल्या. डिझेलचे फिल्टर नवे बसले. पाइपातली हवा काढली, नोझल पुन्हा आवळले. शाळिग्रामने आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून दिली. दिवाळी सरली होती, हरभऱ्याच्या पेऱ्याचे दिवस तोंडावर होते. निम्मं गाव कठड्याशी जमलं.

जगदेवने आंघोळ केली, कपाळाला बुक्का लावला, सीटला हात लावून तो हात छातीला लावला आणि सेल्फ मारला.

घर्र… घर्र… घर्र…

इंजिन एकदा खोकलं.

आणि गप्प झालं.

पुन्हा घर्र… घर्र… पुन्हा एक खोकला. पुन्हा गप्प.

बॅटरी उतरेपर्यंत त्याने सेल्फ मारला. मग लोकांनी ढकललं, मग दोर बांधून शाळिग्रामच्या ट्रॅक्टरने शेडच्या आतल्या आत जेवढं ओढता येईल तेवढं ओढलं. तेच. खोकला आणि गप्प.

लोक पांगले. जाताना कुणी टोमणाही मारला नाही, हे जगदेवला जास्त लागलं.

त्याने पंप उतरवला, उघडला, पुन्हा बसवला. काही दोष नव्हता. नोझल तपासले. डिझेलचा फवारा धुक्यासारखा बारीक पडत होता. वॉल्व्हचं अंतर बरोबर होतं. जे जे त्याला ठाऊक होतं ते सगळं त्याने केलं, आणि केलेलं सगळं बरोबर होतं. तरी इंजिन चालू होत नव्हतं.

चूक सापडली असती तर बरं झालं असतं. चूक नव्हती, आणि त्यामुळे तो पार खचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुंदरमाय शेडमध्ये आली, तेव्हा तो बॉनेटवर कपाळ टेकून उभा होता. पाना-पक्कड खाली पडलेली. तो मोठमोठ्याने बावांचा धावा करत होता.

"बावा, लाज राखा… बावा, तुमी मनावर घ्या…"

कठड्याबाहेर शाळिग्राम आणि पाच-सहा माणसं टोप्या काढून उभी होती.

"काय करून राह्यला?" सुंदरमायने विचारलं.

"बावाले हाक मारून राह्यलो. माह्या हातून होत नाई, माय. डिझेल जाते. हवा जाते. सारं आत बरोबर जाते. बावाची मर्जीच नसंन."

"इकडं ये."

तो आला. ती त्याच्या खांद्याएवढी होती.

"मार हाक. मोठ्यानं मार."

त्याने छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं…

तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. लसणाच्या वासाचा, चुलीजवळ करपलेला हात. अंगठ्याने आणि बोटाने नाकही चिमटलं.

जगदेवचे डोळे मोठे झाले. शाळिग्राम एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

श्वास आतच होता. भरपूर होता. जगदेवची मान फुगली, चेहरा लाल झाला. शेवटी त्याने तिचं मनगट धरून हात बाजूला ओढला.

"काहून काढला माहा हात?" सुंदरमायने विचारलं.

"जीव जात होता, माय!"

"आत हवा नोती का?"

"होती, पन भायेर निंघाले जागा…"

तो थांबला.



जगदेवची नजर हळूहळू वर गेली. बॉनेटवरून सायलेन्सरच्या उभ्या नळीवर. नळीतून वर निघालेल्या काठीवर. दोन पत्र्यांमधल्या लांब फटीतून बाहेर गेलेल्या निशाणावर.

"…म्याच बंद केलं होतं," तो पुटपुटला. "पानी जाऊ नये आत म्हनून. फडके कोंबले, पाचर मारली… निशान हालू नये म्हनून."

"बरं केलं होतं," सुंदरमाय म्हणाली. "पानी गेलं असतं त इंजन सडलं असतं."

"मंग?"

"आता काढ."

त्याच्या लक्षात सगळं आलं, आणि तरी त्याचे पाय जागचे हलले नाहीत. ते निशाण त्याने साऱ्या गावासमोर चढवलं होतं. त्या दिवशी लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. लोक लांबून आधी ते निशाण बघायचे, चपला काढायचे, आणि मग मठाकडे वळायचे. निशाण होतं म्हणून ती जागा होती. जागा होती म्हणून जगदेव पुजारी होता.

शाळिग्राम दबक्या आवाजात म्हणाला, "जगदेव… निशानाले हात लावू नोको गड्या. बावाची जागा मोडंन."

जगदेवने सुंदरमायकडे पाहिलं.

"निशान हाय ते, माय."

"हाव."

"लोक काय म्हनतीन?"

ती तिथंच शेडच्या खांबाला टेकून बसली, जणू तिला संध्याकाळपर्यंत दुसरं काम नव्हतं.



मग जगदेव बॉनेटवर चढला. आंघोळीशिवाय ज्याला कुणी बोट लावलं तर तो अंगावर धावून जायचा, त्याच बॉनेटवर तेलाने माखलेल्या अनवाणी पायांनी उभा राहिला. त्याने काठीला कपाळ लावलं. काय पुटपुटला ते कुणाला कळलं नाही. मग दोन्ही हातांनी काठी धरली आणि ओढली.

निघेना. पाचर चांगलीच बसली होती. कामात तो कधी कच्चा नव्हताच.

त्याने हातोडा मागितला.

कुणी देईना. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. शेवटी शाळिग्रामच पुढे झाला. त्याने हातोडा उचलला, आधी आपल्या कपाळाला लावला आणि मग जगदेवच्या हातात दिला. पाचरीवर हातोड्याचे घाव पडू लागले, तशी प्रत्येक घावाला बाहेरच्या म्हाताऱ्यांची मान हलत होती.

काठी निघाली. पाठोपाठ तेलकट फडकी निघाली, एकामागून एक, संपता संपेनात. जगदेव निशाण दोन्ही हातांत घेऊन उभा राहिला. ते कुठे ठेवायचं, त्याला कळेना. खाली टेकवायला त्याचा हात होईना.

"दे माह्याजवळ," सुंदरमाय उठून म्हणाली. तिने काठी खांद्याला लावली. "आता मार सेल्फ."

पुन्हा शाळिग्रामची बॅटरी आली. बातमी कशी पसरली कोण जाणे, कठड्याशी पुन्हा गर्दी झाली. आया पोरांना कडेवर घेऊन आल्या.

घर्र… घर्र…

खोकला.

घर्र… घर्र… खोकला… आणखी एक खोकला…

आणि मग धाडकन आवाज झाला. सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट उसळला. आत अडकलेलं शेवटचं फडकं गोळीसारखं वर गेलं, पत्र्यावर आदळलं आणि पेटल्यासारखं धुमसत खाली आलं. काजळी अक्षतांसारखी साऱ्यांवर पडली. आरतीची पितळी ताटं काळी झाली, पांढरी धोतरं काळी झाली, बुक्का लावलेली कपाळं आणखी काळी झाली.

धडधड… धडधड… धडधड…

इंजिन चालू झालं होतं.

त्या आवाजावर गावाने जो कल्ला केला, तो आठवला तरी अंगावर काटा येतो. शाळिग्राम टोपी उडवून नाचत होता. ज्यांनी निशाणाला हात लावायला नको म्हटलं होतं, त्यांनाच सगळ्यांत जास्त हुंदके येत होते. बावांचा आवाज होता तो. गाव इतकी वर्षं त्या आवाजावर उठलं होतं, आणि तो बंद झाल्याचं दुःख कुणी कुणाजवळ बोललं नव्हतं. एक म्हातारा हात जोडून धुराकडे बघत म्हणाला, "आले… आले…" आणि ट्रॅक्टरच्या पाया पडायला पुढे धावला.

"बाजूले सर!" जगदेव ओरडला. "चाकाखाली येशीन!"

तोंडातून निघालेल्या शब्दांनी तो स्वतःच दचकला. मग हसला. पोटापासून हसला.

पुढे कठडा होता. सिमेंटमध्ये पक्का केलेला, पितळी घंट्या लावलेला. जगदेवने त्याच्याकडे एकवार पाहिलं, हाताने इशारा करून लोकांना बाजूला केलं, क्लच दाबला आणि गिअर टाकला.

कठडा घंट्यांसकट आडवा झाला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

मठामागच्या रानात शाळिग्रामने नांगर जोडून दिला. फाळ जमिनीत घुसला, काटेरी झुडपं मुळासकट उलटी होऊ लागली, आणि त्यांच्या खालून काळीभोर ओली माती वर आली. तिचा वास मठापर्यंत पोहोचला. बाया वाकून ढेकळं हातात घेऊन पाहत होत्या. नांगराने पडलेल्या तासाच्या कडेने सुंदरमाय खांद्यावर निशाण घेऊन चालत होती, आणि निशाणामागे सारं गाव चालत होतं. निशाण आज पहिल्यांदाच जागचं हललं होतं.

नांगराचं पहिलं तास पूर्ण झालं. बांधाजवळ जगदेवने ट्रॅक्टर वळवून उभा केला. इंजिन सुरूच होतं. तो काजळीने माखलेला, डोळे तेवढे पांढरे. बावांच्या सीटवर बसला होता तो, आणि आता त्याला त्याचं भानही नव्हतं. मग एकदम आठवलं.

"माय!" तो ओरडला. "चालू झाला! मंत्र!"

सुंदरमायने निशाण शाळिग्रामच्या हातात दिलं. पदर खोचला आणि मागच्या चाकावरच्या मडगार्डला धरून वर चढली. चांगली सराईतासारखी चढली. जगदेवच्या उजव्या बाजूला मडगार्डवर बसली आणि त्याच्या कानाकडे वाकली.

जगदेवने घाईने इंजिन बंद करायचा खटका धरला.

तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवला. दाबला. खटका ओढू दिला नाही.

धडधड… धडधड…

तिचे ओठ हलले. थोडेच हलले.

मग ती सावकाश खाली उतरली.

जगदेव गोंधळून तिच्याकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांची आस होती. तो सीटवरून अर्धा खाली वाकला आणि जिवाच्या आकांताने ओरडला,

"माय… मले काईच ऐकू नाई आलं!"

सुंदरमाय दोन पावलं पुढे गेली होती. ती वळली, तोंडाशी हात धरला आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली,

"बावानं असाच सांगतला तवा मले तरी कोठी आलं होतं, बापा!"